लाल ठिपक्यांतलं नाव

नांदेडला माझी भाची डिझायनर आहे. म्हणजे कॉफीच्या दुकानांच्या पाट्या करते. परवा तिनं एक पाटी दाखवली. अक्षरं सगळी चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांची, गोलाई म्हणून कुठं नाही. "मावशी, हे रेट्रो आहे," ती म्हणाली. लातूरला दिव्यांच्या पाटीवर अशी अक्षरं दिसली की आम्ही हलकं मशीन म्हणायचो.

भूकंपानंतर काही वर्षांनी मी तिथं क्लासला होते. दाळमिलपेक्षा क्लास जास्त झाले होते आणि ज्याच्या त्याच्या दारावर लाल दिव्यांची पळती पाटी. बारावीचा निकाल लागला की तिच्यावर गुणवंतांची नावं सरकायची. त्या साली गुणवंत कमी पडले असावेत, कारण माझंही नाव घेतलं. पाटीतली दिव्यांची एक आडवी ओळ बंद पडली होती, त्यामुळं प्रत्येक गुणवंताच्या पोटातून काळी फट जायची. सरांना सांगितलं तर म्हणाले, "लोकांना कळतंय ना?" लोकांना काय कळतं, हे सरांना नेहमीच कळायचं.

पाटी बघायला आई गावाहून एसटीनं आली. भूकंपात आमचं घर बसलं, माणसं वाचली, पण आईचा भिंतीवरचा विश्वास गेला. सरकारनं नवं घर दिलं तरी ती बाहेर पत्र्याखाली झोपायची. भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही. त्यामुळं घरात कॅलेंडर नव्हतं, तारीख शेजाऱ्यांकडं राहायची. जुन्या घरात तिनं मॅटीच्या कापडावर फुल्याफुल्यांनी भरलेलं 'सुस्वागतम' होतं. ते ढिगाऱ्यात गेलं आणि तिनं सुई सोडली.

क्लाससमोर ती रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली.

"पळून ऱ्हायलंय की गं नाव. थांब, एकेक अक्षर धरते."

आणि खरंच धरलं. नाव फिरून येईपर्यंत थांबायची, ठिपके मोजायची, कापडी पिशवीवर पेननं खुणा करायची. ऑटोवाले तिला वळसा घालून जात होते. मला आपली परतीच्या एसटीची काळजी.

दिवाळीला घरी गेले तर कापड तयार, फ्रेमसुद्धा करून आणलेली. माझं नाव, लाल फुल्यांनी भरलेलं, आणि मधून एक कोरी ओळ, अगदी इमानदारीनं सोडलेली. भाचीला आज ती ओळ फार धाडसी डिझाइन वाटते. मी आईला म्हटलं, अगं, तिथले दिवे गेले होते.

"तितं तसंच हाय. मी मनानं कशाला भरू? लई मोठा क्लास हाय त्यो."

मला हसू आलं. तेवढ्यात ती म्हणाली, "खिळा आण."

मी शेजाऱ्यांकडून खिळा आणि हातोडा आणला. हातोडा तिनंच घेतला. एक घाव घातला, मागं सरकली आणि भिंतीकडं बघत उभी राहिली. मग दुसरा घातला. फ्रेम टांगली.

त्या रात्री तिनं अंथरूण आत घातलं, त्याच भिंतीला लागून.