रोहिदासचा ठोसा कुठं गेला

यवतमाळच्या दवाखान्यात रोहिदासला मी शेवटची भेटले, तेव्हा सिस्टर त्याला वजनकाट्यावर उभं करत होती. एका बाजूनं मी धरलेलं, दुसऱ्या बाजूनं त्याच्या बायकोनं, शांतानं. हृदय मोठं झालंय आणि त्याच्यातली ताकद संपत चाललीय, असं डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. सिस्टरनं आकडा वाचला, "एक्कावन्न." तर ज्याला खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत होती तो माझा भाऊ मान वर करून तिला विचारतो, "म्हणजे कोणता गट झाला हो सिस्टर? ह्या वजनात म्या दहावीत एका पोट्ट्याले झोपवलं होतं." सिस्टर हसली, शांताही पदराआड हसली. मला मात्र हसता येईना. काट्याकडं बघून मला जे आठवलं, ते वीस वर्षं माझ्यापाशीच होतं... त्या दिवशी ते बाहेर पडलं. नवव्या दिवशी रोहिदास गेला. महिना उलटून गेलाय, पण त्या एका गोष्टीपाशी मी अजून फिरून फिरून येते, म्हणून लिहायला बसले.

रोहिदास माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. फुलसावंगीच्या अलीकडं आमचा तांडा. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले म्हणतात; आम्ही आपले कापसात वाढलो. माझा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षीच गेला नि मी माहेरी परतले. बाप आधीच गेलेला. याडी, म्हणजे आमची आई, शेतात आणि रोहिदास माझ्या हवाली. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती त्याच्या पाटीवरून, त्याचा अभ्यास घेता घेता. तो चुकला की मीही चुकायची, मग दोघं मिळून मास्तरांच्या नावानं बोटं मोडायचो.

आश्रमशाळेत असताना त्याला मुष्टियुद्धाचा नाद लागला. फौजेतून निवृत्त झालेले एक उस्ताद यवतमाळला पोरांना शिकवायचे. ते शाळेत आले, रांगेतल्या पोरांचे हात-पाय बघितले आणि ह्याच्यापाशी थांबले. याडीला वाटलं, पोरगं मारामाऱ्या शिकायला चाललं. तिनं दोन दिवस जेवण केलं नाही. पण त्यानं घराच्या मागच्या छपरीत सरकी नि रेती भरलेलं पोतं टांगलं आणि रोज पहाटे त्याला बडवायला सुरुवात केली, तेव्हा तीच बाहेर चूल पेटवत ऐकत बसायची. काय तो आवाज! छपरीची टिनं थरथरायची. शेजारची म्हातारी म्हणायची, "उठला बाप्पा तुमचा रोहिदास, आता आमाले कोंबड्याचं काम नाई." आणि अंगानं म्हणाल तर काडी. मला हे कोडंच होतं. एकदा विचारलं, "अरे, दंड तर तुहे माह्याएवढेबी नाईत. मंग ठोसा एवढा जोरात लागते कसा?"

त्यानं मला अंगणात नेलं. कापसानं भरलेलं बोद, म्हणजे मोठं पोतं, पडलं होतं. म्हणाला, "हे गाडीत फेक." मी वाकले, उचललं, फेकलं. "आता सांग, पहिले काय हाललं?" मी म्हटलं, हात. तो म्हणाला, "पुन्हा फेक." तिसऱ्यांदा फेकल्यावर कळलं, आधी पाय रोवला जातो, मग पंजा फिरतो, मग कंबर, मग पाठ, आणि हात शेवटी नुसता सोडून देतो. "असंच हाये," म्हणाला. "ठोसा जमिनीतून येते, बाई. मूठ तं फक्त त्याची बाहेर निघाची जागा." तेव्हापासून तांड्यातल्या बाया बोद फेकायला लागल्या की मी त्यांच्या पायांकडं बघते. हसतात मला.

पुढं तो आश्रमशाळेतच कामाठी म्हणून लागला. पाणी भर, झाडझूड कर, आणि सुट्टी मिळाली की सामने. एकोणसत्तर किलोच्या गटात खेळायचा. विशी-पंचविशीत त्याच्या उजव्या हाताची दहशत होती. घरात येताना पदक खिशात घालून यायचा आणि जेवताना हळूच ताटाशेजारी ठेवायचा, याडीनं विचारावं म्हणून. ती मुद्दाम विचारायची नाही. भाकरी वाढायची, कालवण वाढायची, पदक हातानं बाजूला सारायची नि म्हणायची, "ताटाजवळचा कचरा काढ." मग रात्री उशीखाली घेऊन झोपायची.

तिशीनंतर मात्र सामने हातून जायला लागले.  चौतिसाव्या वर्षी म्हणाला, "बाई, ह्या खेपेले मी खालच्या गटात खेळतो. चौसष्टमध्ये." नागपूरला निवड होती. जिंकला तर राज्याच्या संघात गेला असता, आणि पुढल्या वर्षी तो वयात बसणार नव्हता, म्हणजे ही शेवटचीच संधी. पाच किलो उतरवायचे होते. भाकरी बंद, मीठ बंद. दोन महिने मी त्याला उकडलेली भाजी घातली आणि रडले.

आता माझी चूक सांगते. आमच्या अंगणातल्या कडुलिंबाला कापूस मोजायचा काटा टांगलेला असायचा, घड्याळासारखं तोंड असलेला. वेचणीच्या दिवसांत सांजच्याला बायांचा कापूस मीच मोजायची. आता बोदाचं नि दोराचं वजन काही कापसाचं नसतं, ते वजा करावं लागतं. दर खेपेला कुठं हिशेब करत बसायचं, म्हणून बापानं काट्याचा खिळाच मागं फिरवून ठेवला होता. रिकामा असला की काटा शून्याच्या दोन किलो मागं. बारदान आपोआप कापलं जायचं. मला हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात काही वेगळं आहे हे डोक्यातच नव्हतं. तर रोहिदास रोज सकाळी त्या काट्याच्या हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळायचा, पाय वर ओढून घ्यायचा, आणि मी खालून आकडा वाचायची. निघायच्या दिवशी मी ओरडले, "चौसष्ट! बरोब्बर चौसष्ट!" शांतानं साखर वाटली. ज्याच्यासाठी वाटली त्याला मात्र एक दाणा दिला नाही.

मीही नागपूरला गेले. सकाळी वजनाला उभा राहिला तर सहासष्ट. मी तिथल्या साहेबाशी भांडले हो! "साहेब, तुमचा काटा खोटा हाये. आमच्या काट्यावर चौसष्ट भरला." साहेब म्हणाले, "मावशी, इथं साऱ्या पोरांना हाच काटा." दुपारच्या आत दोन किलो उतरव नाहीतर घरी जा, असं सांगितलं. मग रेक्झिनचा कोट घालून उन्हात पळाला, वरून घोंगडी गुंडाळून बसला, रुमालात थुंकत राहिला. ओठ पांढरे पडले. दुपारी काटा चौसष्टला टेकला.

सामना मी पाहिला. समोर विशीतलं पोरगं, गोंदियाकडचं. पहिल्या दोन फेऱ्या रोहिदास नुसता सरकत राहिला. तिसरीत त्याचा उजवा बसला. नीट, पोराच्या जबड्यावर. तो बसला की काय होतं ते मी शंभरदा पाहिलेलं, म्हणून मी उठून उभी राहिले... पोरगं पडलं नाही. त्यानं डोळे मिचकावले, मान झटकली आणि पुढं आलं. माझ्या भावाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी विसरणार नाही. हरल्याचं नव्हतं ते. घरात शिरावं आणि आपली खोलीच जागेवर नसावी, तसं काहीतरी.

हरून एसटीनं परत आलो. आठ दिवसांनी वेचणी लागली. काट्याला बोद अडकवायला गेले, रिकामा काटा बघितला, शून्याच्या दोन किलो मागं. दोन किलो मी खाल्ले होते. त्याला आधी कळलं असतं तर आठवडाभरात सावकाश उतरवले असते, पाणी पिऊन खेळला असता. मी त्याला सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते करत वीस वर्षं गेली. तो खेळायचा थांबला, आश्रमशाळेच्या पोरींना शिकवायला लागला, अंग भरलं, पंच्याऐंशी किलोंचा झाला. पोरी घरी आल्या की टिंगल करायच्या, "सर, आता तर तुमचा ठोसा लय जड असंन!" तो म्हणायचा, "नाई बेटा. गाडीत माल वाढला, बैल तेच राह्यले. पोट काई मारत नाई, पोट फक्त उशीर करते." सारे हसायचे. मी उठून आत जायची.

तर त्या दिवशी दवाखान्यात सिस्टर गेली, शांता चहा आणायला गेली, आणि मी त्याच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. काटा, खिळा, बारदान. रडत होते. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, कायले रडून राह्यली? मले माईत होतं."

"काय माईत होतं?"

"सहासष्ट हाये ते. निघाच्या आदल्या दिवशी फुलसावंगीत किराणा दुकानातल्या काट्यावर उभा राह्यलतो. त्या बोदाच्या काट्याचं मले माईत नसंन? मीबी त्याच घरचा."

"मंग बोलला काहून नाई?"

 त्याला बोलताना दम लागत होता. "बोललो असतो तं तू जाऊ देलं नसतं. दोन किलो मी विशीत एका सकाळीत काढत होतो, वाटलं निघतीन. अन् खरं सांगू का... एकोणसत्तरमध्ये पोट्ट्याचे ठोसे मले दिसतच नव्हते. लागले का मंग समजे. वाटलं, खाली बारकी पोट्टी असतीन, तिथं माहा हात जड पडंन. पण हात जड नाई झाला. पाणी काढलं का अंग कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवानी होते. वली पऱ्हाटी अंगावर मार, वळ उठते. वाळली मार, तुटून जाते." मग पुढं म्हणाला, "पण पाणी असतं तरी तो पडला नसता, बाई. माहा ठोसा त्याच्या लय पहिलेच गेलता. हात म्हातारा नाई होत. पहिले पाय होते, मंग कंबर, मंग डोळा. मुठीले साऱ्यात शेवटी समजते. माह्या मुठीले नागपूरले समजलं, बस."

मी डोळे पुसले, पण मनातून मला पटलं नाही. त्याच्या लहानपणी माझ्या हातून दुधाचं भांडं सांडलं तरी हा याडीपुढं जाऊन म्हणायचा, मी सांडलं. तोच हा. मरता मरता बहिणीला मोकळं करून चालला, असंच मला वाटलं. तो गेला तरी वाटत राहिलं. तेराव्याला लोक जेवत होते आणि मी मनात दोन किलो मोजत होते.

गेल्या आठवड्यात मागची छपरी सारवायला घेतली. पोतं तसंच टांगलेलं. शेणामातीचा हात फिरवत फिरवत पोत्याखाली आले, आणि माझ्या हातानं आपोआपच घमेल्यातून एक मोठा गोळा जास्त उचलला. मी थबकले. जमीन तर सपाट होती. मग हा गोळा कशाला?... आणि मग आठवलं. त्याच्या विशीत तिथं खळगा पडायचा. उजव्या पायाच्या पंजाखाली, बशीएवढा खोल. ठोसा मारताना तो पाय असा गरागरा फिरायचा की माती उकरून निघायची. दर पंधरा दिवसांनी मी मुरूम-माती घालून तो भरायची आणि शिव्या घालायची, "ठोसे मारतं का विहीर खणतं रे?" मग एका दिवाळीला सारवायला बसले तर खळगा नाही. पोतं तर रोज वाजत होतं. मी खूश झाले. चुलीपाशी जाऊन सांगितलं, "याडी, पोरगं शहाणं झालं, जमीन उकरत नाई आता." ती म्हणाली, "झालं एकदाचं." याडीला सांगितलं होतं मी हे, याडीला! आणि याडी गेली ती नागपूरच्या आदल्या वर्षीच्या पोळ्याला. तर ती दिवाळी त्याच्याही आधीची.

म्हणजे तो खरं बोलला होता. त्याचा पाय फिरायचा थांबला होता, नागपूरच्या निदान दोन दिवाळ्या आधी, माझ्या डोळ्यांदेखत. मी ती जमीन हातानं चाचपून पाहिली होती आणि आनंदानं घरभर सांगत सुटले होते.

तो गोळा हातात घेऊन मी बराच वेळ बसले. परत घमेल्यात टाकवेना. शेवटी तिथंच ठेवला, पोत्याखाली, आणि थापून थापून गुळगुळीत केला. आता छपरीत जाणाऱ्याच्या पायाला तिथं उंचवटा लागतो. काल शांता ठेचकाळली. म्हणाली, "बाई, हे काय करून ठेवलं?" म्हटलं, राहू दे.