चष्मेवाल्यांच्या जागी दुसरं कोण

माझी मावशी एका औषध कंपनीत पॅकिंग विभागात सुपरवायझर होती. तिनं लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची आणि विषय संपवायची. पण म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही, भाचरांच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायचं नाही, हे तिनं तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. म्हणून पगारातून थोडं साठलं की मावशी जागा बघत हिंडायची. स्वतःला राहायला नाही, भाड्यानं द्यायला.

एकटी बाई जागा घेतेय म्हटल्यावर एजंट लोकांची जी तारांबळ उडायची, ती मावशी रंगवून सांगायची. पहिल्यानं तिच्याशी अवाक्षर न बोलता सगळं माझ्या वडिलांना समजावलं. वडील नुसते सोबत म्हणून गेले होते आणि त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसरा म्हणाला, "आत्ता टोकन द्या, संध्याकाळपर्यंत जागा गेलेली असेल." मावशी मुद्दाम महिन्याभरानं तिकडून गेली. जागा तिथंच होती, बिचारी. तिसरा प्रत्येक खोलीत शिरला की "वा!" म्हणायचा. संडासातही म्हणाला.

मग चष्मेवाले भेटले. त्यांचा एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर असायचा, एक जवळचा, एक लांबचा. त्यामुळे सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. झेरॉक्सच्या दुकानातलं अर्धं टेबल हे त्यांचं ऑफिस. मावशीनं बसल्या बसल्या विचारलं, "गुंतवणूक म्हणून तुम्ही स्वतः किती जागा घेतल्यात?"

"एकही नाही. मी स्वतःच भाड्यानं राहतो."

"मग मला काय सल्ला देणार तुम्ही?"

"भाडेकरू घर का सोडून जातो, ते सांगू शकेन," चष्मेवाले म्हणाले. "घर विकत घ्यायला तुम्हाला कुणीही मदत करेल हो, बाई. ते रिकामं पडलं की कुणी फोन उचलत नाही."

पहिली जागा दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी सगळे नळ सोडले आणि गप्प उभे राहिले. मग वर जाऊन वरच्यांचं दार वाजवलं आणि पाणी पुरतं का, असं मावशीच्या देखत विचारलं. जिन्यावरून उतरताना म्हणाले, "नका घेऊ." त्या न घेतलेल्या जागेपायी मावशीनं त्यांना कायमचं धरलं.

पुढं त्यांच्याच हातून तिच्या दोन जागा झाल्या. भाडेकरू तेच आणायचे. गळती, रंग, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं तेच निस्तरायचे. दोघं एकमेकांच्या घरी कधी गेले नाहीत, अहो-जाहो कधी सुटलं नाही. तरी माझी आई चेष्टेनं म्हणायची, "हिच्या आयुष्यात टिकलेला पुरुष एकच, तो एजंट." मावशी त्यावर हसायची नाही.

निवृत्त झाल्यावर मावशीनं तिसरी जागा घ्यायची ठरवली. चष्मेवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगदी तुमच्या मनासारखी आहे एक. सकाळीच या." ते पुढं, मावशी मागं. ओळखीच्या रस्त्याला वळले तेव्हा तिला वाटलं, शेजारची इमारत असेल. पण चष्मेवाले दुसऱ्या मजल्यावर चढले आणि त्यांनी घंटा वाजवली ती मावशीच्याच घराची. तिनं त्यांच्यामार्फतच घेतलेल्या दुसऱ्या जागेची.

तिथली भाडेकरू घरी शिवणकाम करायची. गळ्यात टेप तसाच ठेवून तिनं दार उघडलं. "अगंबाई, मालकीणबाई, तुम्ही? काही झालं का?"

चष्मेवाले तोवर आत शिरले होते. मावशीनं ओठांवर बोट ठेवलं.

"या ना, बाई," ते आतून बोलावत होते. "उजेड बघा कसा येतो. स्वयंपाकघर आटोपशीर आहे. पण ही भिंत ओल धरते, आधीच सांगून ठेवतो. मालकाकडून दुरुस्त करून घेतल्याशिवाय सही करायची नाही."

ती भिंत मावशीनं कधीच दुरुस्त करून घेतली होती. गवंड्याच्या डोक्यावर दिवसभर उभे राहून चष्मेवाल्यांनीच ते काम करवून घेतलं होतं. मावशी भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे. विचार करून सांगते."

शिवणकामवालीचा चेहरा उतरला होता, घर विकायला काढलं की काय म्हणून. मावशीनं जाता जाता तिचा हात दाबला. "तुझं घर कुठं जात नाही. मागाहून सांगते."

खाली रस्त्यावर आल्यावर चष्मेवाले थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "बस कुठून मिळते हो इथं?" ज्या भागातल्या गल्ल्या त्यांना तळहातासारख्या पाठ होत्या, तिथं उभं राहून ते विचारत होते. मावशी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली. त्यांना सोडायला.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मावशीचा चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, "कळलं वाटतं तुम्हाला."

"कधीपासून आहे हे?"

"बरेच दिवस झाले. बोलले नाही कुणाला. कळलं असतं तर कामं बंद झाली असती. आणि घरी बसले की काय करतात, ठाऊक आहे? मला घर दाखवतात. हे कपाट बघा, ही खिडकी बघा. मी पण बघते." ती हसली आणि मग पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली.

माझ्या आईचं म्हणणं सरळ होतं. "दुसरा एजंट बघ आणि मोकळी हो. त्यांना कुठं आठवणार आहे?"

"बघणारच आहे," मावशी म्हणाली. "पण मी दुसरीकडे गेले, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला नको का?"

या वेळी मावशीनं घाई केली नाही. चार-पाच जणांकडे जाऊन आली. शेवटी एक बाई तिच्या मनात भरली. आधी बँकेत होती, नोकरी सोडून या धंद्यात आली होती. तिचं हेल्मेट कायम काखोटीला असायचं, म्हणून आमच्या घरात तिचं नाव हेल्मेटवाली. मावशीनं विचारलं, "तुमचा कुठला व्यवहार बिघडला होता, तो सांगा." बाकीच्यांनी आमचा एकही बिघडत नाही म्हणून छाती फुगवली होती. हेल्मेटवालीनं एक सांगितला, स्वतःची चूक न लपवता. शिवाय घर सोडून गेलेल्या एका भाडेकरूचा नंबरही दिला. "त्यांना विचारा माझ्याबद्दल. फारसं चांगलं बोलणार नाहीत." मावशीनं विचारलं. ते फारसं चांगलं बोलले नाहीत, पण खोटारडी आहे असंही म्हणाले नाहीत.

मग एका सकाळी चष्मेवाल्यांचं डोकं ताळ्यावर आहे, असा त्यांच्या बायकोचा निरोप आला. मावशी गेली. आढेवेढे न घेता सांगून टाकलं.

चष्मेवाल्यांचा चेहरा लाल झाला. "मेलो नाही मी अजून!" ते ओरडले. "इतकी वर्षं तुमची कामं कुणी केली?"

"तुम्हीच केलीत."

"मग?"

तुम्ही मला माझंच घर विकायला निघाला होता, हे तिच्या ओठांवर आलं आणि तिनं गिळलं. मग चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण आहे ती? घेऊन या इकडे. बघू तरी."

हेल्मेटवाली आली. समोर खुर्चीवर ताठ बसली, परीक्षेला बसल्यासारखी. चष्मेवाल्यांनी विचारलं, "भाडेकरूनं भाडं थकवलं तर आधी कुणाकडे जाता? मालकाकडे की भाडेकरूकडे?"

"भाडेकरूकडे. काय झालंय ते बघायला."

त्यांनी मान हलवली. "कमिशन कुणाकडून घेता? विकणाऱ्याकडून की घेणाऱ्याकडून?"

"दोघांकडून घ्यायची पद्धत आहे," ती म्हणाली. "पण बाईंचं काम करीन तेव्हा फक्त बाईंकडून घेईन. लिहून देईन तसं."

"लिहूनच दे," चष्मेवाले म्हणाले. "नाहीतर घेशील. मीही घेतले होते, दोन्हीकडून पैसे."

मावशीनं विचारलं, "माझ्या वेळी?"

"दुसऱ्या जागेच्या वेळी. विकणाऱ्यानं दिले, मी घेतले. भाव थोडा ताणून धरायचा होता त्याला." त्यांनी मावशीकडे पाहिलं. त्यांना ती नीट ओळखू येत होती, याबद्दल तिला पुढं कधीही शंका आली नाही. "तुम्हाला बोललो नाही. कशासाठी घेतले, ते आता आठवत नाही."

त्यांची बायको घाईघाईनं म्हणाली, "हल्ली काहीही बोलतात हो हे. मनावर घेऊ नका."

बाहेर रस्त्यावर हेल्मेटवालीही तेच म्हणाली. "बाई, खरं असेलच असं नाही."

"खोटं असतं तर काहीतरी कारण सांगितलं असतं," मावशी म्हणाली आणि चालू लागली.

त्यानंतर बरेच आठवडे ती त्यांच्याकडे फिरकली नाही. ज्या माणसाच्या शब्दावर तिनं आयुष्याची कमाई लावली होती, त्यानं एकदा का होईना, तिला गंडवलं होतं. रक्कम मोठी नसेलही, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. ती दुसरी जागा विकणारा म्हातारा अजून हयात होता, आणि त्याला विचारलं असतं तर खरंखोटं लगेच कळलं असतं. मावशी एकदा त्याच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "कळून काय करू? भांडायला समोर माणूस तर हवा ना."

तिसरी जागा हेल्मेटवालीनं मिळवून दिली. व्यवहार चोख झाला, एकाच बाजूच्या कमिशनचा कागदही तिनं आपणहून आणला. खरेदी झाली त्याच आठवड्यात मावशी चष्मेवाल्यांकडे गेली आणि मग जात राहिली. आधी राग होता तोवर बायकोशीच बोलायची. पुढं राग कधी ओसरला, हे तिचं तिलाही सांगता आलं नाही.

शेवटी शेवटी चष्मेवाले तिला ओळखत नव्हते. बायकोनं चहा आणला की अदबीनं विचारायचे, "जागा बघताय का, बाई?"

"हो," मावशी म्हणायची.

"राहायला, की गुंतवणूक?"

ती प्रत्येक वेळी नीट विचार करून उत्तर द्यायची. किती खोल्या, कुठला मजला, भाडेकरू कसा हवा. ते ऐकत, मान हलवत, मधेच एखादा अचूक प्रश्न विचारत. एकदा म्हणाले, "एकट्या आहात. एजंट बघून घ्या. फार भरवसा टाकू नका कुणावर."

मावशीनं कप खाली ठेवला. "तुमच्यावर टाकू का?"

चष्मेवाल्यांनी बराच वेळ विचार केला, खरंच केला, असं मावशी सांगते. मग म्हणाले, "आधी जागा बघू."

त्याच वर्षी ते गेले. त्यांची बायको मुलीकडे राहायला गेली. मावशी आता ऐंशीच्या घरात आहे आणि तिन्ही जागांचं भाडं तिच्या खात्यात जमा होतं. कुणापुढे हात पसरायची वेळ आली नाही. मधूनमधून ती बस बदलून त्या मुलीच्या घरी जाते. दोघी म्हाताऱ्या गॅलरीत बसतात आणि गुडघ्यांबद्दल, औषधांबद्दल, महाग झालेल्या भाजीबद्दल बोलतात. त्या दुसऱ्या जागेचा विषय दोघींपैकी कुणीही काढत नाही.