सासऱ्याच्या नावावरची गाडी

अमरनाथमामांनी अख्खी नोकरी किनवटला एस.टी.च्या वर्कशॉपात ब्रेक दुरुस्त करण्यात घालवली. पण स्वतः मोटारसायकलवर कधी बसले असतील तर मागे, आणि तेही जीव मुठीत धरून. तरीसुद्धा लातूरच्या ट्रॅफिक पोलिसांच्या लेखी हा अडुसष्ट वर्षांचा माणूस म्हणजे एक पक्का बेशिस्त मोटारसायकलवाला होता. विना हेल्मेट, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट, परत विना हेल्मेट. मामा किनवटला ओसरीवर बसून भाकर खात असायचे आणि अडीचशे किलोमीटरवर लातुरात त्यांच्या नावानं चलान फाटायचं. फोन वाजला की आधी कपाळाला आठी पडायची, मग ते चष्मा शोधायचे.

भानगड अशी होती की गाडी जावयाची आणि नाव मामांचं. चौदा वर्षांपूर्वी थोरल्या लेकीचं, आरतीचं लग्न ठरलं तेव्हा मोटारसायकल द्यायची असं कुणी स्पष्ट बोललं नव्हतं. बोलले ते थेट मांडवात. नवरदेवाचा चुलता उठून म्हणाला, गाडी दारात आल्याबिगर अक्षता पडणार न्हाईत. नवरदेव सिद्धराम खाली मान घालून बसला, नाही म्हणाला नाही. मामांनी वर्कशॉपातल्या दोघा सोबत्यांना घेतलं, जीपनं नांदेड गाठलं आणि जवळ जी कागदं होती, म्हणजे स्वतःची, त्यावर गाडी उचलली. अक्षता दुपारी बाराच्या, पडल्या संध्याकाळी. नाव नंतर बदलून घेऊ, असं सिद्धराम तेव्हा म्हणाला. ते नंतर काही उगवलं नाही. उगवेल कसं? चलान दुसऱ्याच्या फोनवर जात असलं तर कोण कशाला कचेरीच्या पायऱ्या चढेल?

सुरुवातीची चलानं मामांनी मुकाट्यानं भरली. जावयाला तोंडावर कसं बोलायचं! मग त्यांना कुणीतरी दाखवलं की मेसेजमधल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की फोटो दिसतो. तेव्हापासून मामा प्रत्येक फोटो डोळ्यांत तेल घालून बघू लागले. कारण आरती फोनवर कधीही विचारा, एकच सांगायची, "बरं हाय आप्पा." फोटो तसं काही सांगत नव्हते. फोटोत सिद्धराम असायचा, त्याचे दोस्त असायचे, एकदा तर मागच्या सीटवर बोकड होतं. सात वर्षांत एकोणचाळीस फोटो आले, त्यात लेक एकदाच दिसली. तोंडाला पदर, मांडीवर पिशवी. बाकी ती सासरच्या गावाहून, मुरुडपासून, चार किलोमीटरवरच्या वाडीत अंगणवाडीच्या नोकरीला रोज पायी जाते, हे मामांना ठाऊक होतं. ज्या पोरीसाठी गाडी दिली तिच्या कधी ती कामाला आली का, एवढा एकच प्रश्न त्यांना पडायचा, आणि तो पडला की रात्रीचं जेवण जायचं नाही.

अशात सिद्धरामचा फोन आला.

"मामा, नवी गाडी घ्यायलाव. जुनी एक्सचेंजला द्यायची हाय. तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

"ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाई," मामा म्हणाले. "बँकेतल्या बाईनं दम देऊन सांगितलंय."

"अहो, मी जावई हाय तुमचा!"

"बाईनं जावयाला सांगा असं म्हटलं न्हाई."

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी कळलं की नुसत्या ओटीपीनं भागत नाही, मालकाची सही लागते आणि मालकाला समक्ष यावं लागतं. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पुरी होणार, मग तिला कुणी विचारणार नाही; शिवाय शोरूमची ऑफर शनिवारी संपणार. मामांनी पिशवी भरली. पहाटेची रेल्वे, नांदेडला एस.टी., खिडकीची काच लागेना, शेजारच्याचा कोंबडा पिशवीतून बोचकारतोय, अहमदपूरच्या पुढं टायर बसलं. चाक बदलताना ड्रायव्हरचा पाना चुकीचा लागतोय हे मामांना वरून दिसत होतं. शेवटी न राहवून ते खाली उतरले आणि चाक स्वतः बसवून दिलं. लातूरला बार्शी रोडवरच्या शोरूमात पोचले तेव्हा हात काळे झाले होते आणि डोकं तापलं होतं.

शोरूमात थंडगार हवा होती. नव्या गाडीला हार घातला होता, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. आरती हळदीकुंकवाचं ताट घेऊन एका कडेला उभी होती. वाहनाची पूजा घरच्या लक्ष्मीनं करायची, म्हणून तिला आणलेली. मामांना बघून तिचा चेहरा उजळला, पण पुढं येता येईना, हातात ताट.

जुन्या गाड्यांचा व्यवहार बघणारा हमजा नावाचा तरणा माणूस होता. त्यानं मामांची गाडी फिरवून आणली, कान लावून इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "चाचा, गाडी लई जपून वापरलीय. इंजिन खणखणीत."

"हाव?" मामा जावयाकडं बघत म्हणाले. जपणारा माणूस तो नव्हता, एवढं त्यांना एकोणचाळीस फोटोंवरून कळत होतं.

हमजानं संगणकात नंबर टाकला आणि जीभ चावली. "सात चलान बाकी हैत. ते भरल्याबिगर नाव बदलत न्हाई."

"मामांच्या नावावर हायती," सिद्धराम मिशीवर बोट फिरवत म्हणाला. "भरतील मामा. काय हो मामा?"

आता मात्र मामांचा तोल गेला. वर्कशॉपात कुणी सैल नटाची गाडी रस्त्यावर काढली की ते जसे तापायचे तसे तापले.

"मी? मी कधी हँडल धरलं न्हाई जावईबापू! बोकड तुम्ही बसवलं, सिग्नल तुम्ही तोडला, आन् पोलिसाच्या वहीत चोर मी? मांडवात तुमच्या चुलत्यानं सगळ्या गावापुढं मला उभं केलं तवा गप राहिलो. चौदा वर्षं गप राहिलो. आज तुमच्यासाठी दोन गाड्या बदलून आलो, वाटंत एस.टी.चं चाक बसवलं, आन् इथं येऊन दंड बी मीच भरू? सही करत न्हाई, जा!"

शोरूमातली माणसं वळून बघू लागली. पाण्याचे पेले घेऊन येणारी बाई जागीच थांबली. सिद्धराम गोरामोरा झाला.

"मामा, चार माणसांत बोलायलात तुम्ही..."

"माणसांतच बोलतो. मांडवात काय एकांत होता का?" मामांचा आवाज चढलेलाच होता. "मला एक सांगा. ही गाडी मी माझ्या लेकीसाठी दिली. तिला कितींदा बसवलं हिच्यावर? फोटोत एकदा दिसली ती. एकदा! रोज पायी जाते ती वाडीला."

"येताना पायी येत न्हाई मी, आप्पा."

आरती बोलली होती. तिनं ताट नव्या गाडीच्या सीटवर ठेवून दिलं.

"हे दुपारी जेवून दुकान बंद करून झोपतात," ती शांतपणे सांगू लागली. "तवा अंगणवाडीची मदतनीस बाई घरून चावी घेऊन गाडी वाडीवर आणून देते. मग मी गरोदर बायांच्या घरी जाते, पोरांची वजनं घ्यायला जाते, मळ्यात कुणी बाळंत झाली तर तिकडं जाते. हे उठायच्या आत गाडी दारात. चार वर्षं झाली."

सिद्धरामचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणून पेट्रोल पुरत न्हवतं! मी तर त्या पंपवाल्याशी भांडत होतो!"

"ऑइल बी मीच बदलते," आरती म्हणाली. हमजानं मान डोलावली, आता त्याला इंजिनाचा उलगडा झाला होता.

मामा खुर्चीत बसले. पोरीनं चार वर्षं एवढं सगळं केलं आणि बापाला 'बरं हाय'च्या पलीकडं अक्षर सांगितलं नाही, याचा त्यांना रागही आला आणि ऊरही भरून आला. "लायसन?" त्यांनी विचारलं.

"काढलंय. मीटिंगला लातूरला आले होते तवा."

"मग तुझा फोटो कसा आला न्हाई मला कधी?"

"मी हेल्मेट घालते ना आप्पा."

हमजा हसला आणि लगेच ओठ आवळून संगणकात बघू लागला. सिद्धराम हसला नाही. तो एकदा बायकोकडं, एकदा जुन्या गाडीकडं बघत होता. कुठं रागवावं तेच त्याला उमजेना. आणि शनिवार होता, ऑफर संध्याकाळी संपणार होती.

"बरं, झालं गेलं," तो शेवटी म्हणाला. "चलानं भरतो मीच. मामा, आता तरी सही करा. नवी गाडी बी घरातच राहणार हाय की."

घरात राहणार, हे खरं होतं. दुपारी हा झोपला की तीही वाडीला जाईल. पण मग तिची चावीही चोरूनच घ्यावी लागणार. मामांनी समोरचे नाव बदलायचे दोन कागद हातात घेतले. वाकडीतिकडी का होईना, सही त्यांना करायचीच होती. फक्त गाडी कुणाच्या नावावर करायची, एवढंच ठरत नव्हतं.

"हमजाभाई," ते म्हणाले, "ही गाडी शोरूमला न देता लेकीच्या नावावर करायची म्हटलं तर?"

"होते की चाचा. पुढच्या साली रिन्यू करावी लागंल, तेवढं सोडलं तर अडचण न्हाई. पण मग एक्सचेंजचे पैसे कटतील, नवी गाडी पुऱ्या किमतीला पडंल."

"मामा!" सिद्धराम ओरडलाच. "असं कुठं असतंय का? माझी गाडी..."

"कागद बघ. माझी हाय," मामा म्हणाले. पहिल्यांदाच ते जावयाला एकेरी बोलले, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं.

हमजानं पेन उघडलं. "तर मग चाचा, पक्कं सांगा. काय करायचं?"

मामा 'कर' म्हणणारच होते. शब्द ओठांवर आला आणि अडकला. लग्न ठरवताना, गाडी आणताना, अक्षता पडताना त्यांनी असंच सगळं परस्पर ठरवलं होतं. सिद्धरामनं आरतीला कधी विचारलं नाही म्हणून ते मघापासून तावातावानं भांडत होते. पण विचारलं त्यांनी तरी कुठं होतं? मामांना स्वतःचीच लाज वाटली.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "तिला विचार. तिला काय पाहिजे ते."

हमजा आरतीकडं वळला. "ताई?"

आरतीनं सिद्धरामकडं बघितलं नाही, बापाकडंही नाही. तिनं पर्सची चेन ओढली, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. हळदीकुंकवाच्या ताटासोबत तिनं घरून हेही आणलं होतं.