मौनातली खडखड

व्रत पाळावं की मोडावं, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो संकष्टीच्या सकाळी, चिंतामण गणपतीच्या दर्शनाला निघताना गाडीत. तुम्ही दोघं नातवंडं दोन दिवसांनी इंदूरच्या विमानतळावर उतरणार होतात आणि तुम्हाला उज्जैनला आणायला आजोबा हीच गाडी नेणार होते. तुमचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून मी चंद्रोदयापर्यंत मौन धरलं होतं, लिहूनसुद्धा काही सांगायचं नाही असं.

एरवी गाडी सुरू होताच मी मोठ्याने अथर्वशीर्ष म्हणू लागते. त्या दिवशी ओठ मिटलेले, म्हणून प्रथमच ऐकू आलं: डब्यात खिळे हलवावेत तशी इंजिनात खडखड, क्षणभर, आणि मग सगळं शांत. आजोबांना हल्ली कमी ऐकू येतं. ती खडखड कळावी म्हणून मी घराच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कानाशी खुळखुळवला. "घेतल्यास ना? मग झालं. आज गाडीत किती शांत वाटतंय," म्हणाले आणि निघाले.

बोलावं तर तुमच्यासाठी धरलेलं व्रत मोडतं, चंद्रोदयापर्यंत गप्प राहावं तर तोवर गाडी वाटेतच बिघडायची, आणि याच गाडीत तुम्ही बसणार. देवळात चिंतामण गणपतीपुढे उभी राहिले तेव्हा नेहमीचं मागणं सुचेना. 'तूच सांग यांना,' एवढंच मनात म्हटलं.

रांग लांब होती. परत येईपर्यंत इंजिन पार गार झालं होतं. आजोबांनी किल्ली फिरवली, पुन्हा तीच खडखड. तोच शेजारच्या गाडीतून एक बाई उतरल्या, तुमच्या आईच्या वयाच्या, बोलण्यावरून नागपूरकडच्या. त्यांनी काच वाजवली.

"काका, बंद करा आधी. इंजिनातल्या टायमिंग चेनचा आवाज आहे हा. आमचीही अशीच वाजायची, आम्ही म्हटलं वाजू दे. भर हायवेवर तुटली आणि इंजिनच गेलं."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"काकूंना विचारा."

मी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मला बोलता येत नाही असं वाटून बिचाऱ्या हातवारे करून मला समजावू लागल्या.

"एरवी बोलते हो," आजोबा म्हणाले. "आजच बंद आहे."

त्या हसत निघून गेल्या. नाव विचारता आलं नाही, मी फक्त हात जोडले.

आजोबांनी फोन करून देवास गेटजवळच्या गॅरेजमधल्या आपल्या मिस्त्रींना बोलावलं. तेल मोजायची पट्टी काढून ते म्हणाले, "बाबूजी, ऑइल कब बदला था?"

"टाइम पे बदलवाते हैं."

मी आजोबांकडे नुसतं पाहिलं.

"मतलब, परसाल... नहीं, उसके भी पहले. गाडी चलती ही कहाँ है, भैया."

मिस्त्री म्हणाले, चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल जुनं आणि कमी झालं की चेन ढिली पडते, आणि गार इंजिन सुरू करताना सुरुवातीला वाजते. "चले ना चले, माताजी, साल में एक बार ऑइल बदलवाओ. बीच-बीच में लेवल देखते रहो." तुम्ही यायच्या आत तेल बदललं, चेन आणि टेन्शनर दोन्ही नवे बसले.

तुम्ही आलात, खिडकीतून दिसेल ते विचारत राहिलात आणि वाटेतलं सांवेर यायच्या आधीच माझ्या खांद्यांवर झोपलात. मी मनातल्या मनात हसत होते. इतकी वर्षं देवाला मीच सांगत आले, काय हवं, कसं हवं. त्या दिवशी गप्प राहून सगळं त्याच्यावर सोपवलं, आणि माझं वाक्य तो एका अनोळखी बाईच्या तोंडून बोलला.