मुरुडशेंगेचा दोरा

दुपारची जेवणं उरकलीत. पारूबाई सहाण आणि गुटीच्या मुळ्यांचा बटवा पुढ्यात ओढून भिंतीला टेकते. बारा दिवसांचा पणतू पोटात कळा येऊन रडून रडून आत्ताच निजलाय. नातसून रेश्मा दुधाची वाटी ठेवून गेलीय, वर म्हणून गेलीय, "आज्जी, गुटी उगाळा. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात."

म्हणतात खरं. पण उगाळायची ती धाकटी जाऊ, हौसा. पारूबाई नुसती वाटी घेऊन बाहेर यायची आणि मिरवायची. हौसाला जाऊन वर्ष झालं. कुठल्या मुळीचे सहाणेवर किती वेढे, पारूबाईला ठाऊक नाही. वेखंड जास्त झालं तर लेकरू ओकून बेजार. विचारावं कुणाला, आणि कुठल्या तोंडानं? पापणी जड होते.

सहाणेपलीकडे हौसा बसलीय. पदर दातात धरलेला.

"आक्का, वेखंड उलटं धरलंय तुम्ही."

"मेलीस तरी चुका काढायची खोड जाईना तुझी."

हौसा हसते. दोघींचे पाय ओढ्याच्या पाण्यात आहेत, सहाण मधल्या दगडावर.

"हौसे, वेढे सांग."

"काय म्हणालात?"

"बहिरी झालीस काय? सांग म्हणते. मला येत नाही."

हौसा दातातला पदर सोडते. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत."

"टोमणे मागनं मार. लेकरू कळवळतंय."

"दोरे बांधलेत की मुळ्यांना. जेवढ्या गाठी, तेवढे वेढे. मला कुठं लिहाय येतंय? माझं दुखणं वाढल्यावर तुमच्यासाठीच बांधले."

ओढ्यात पाणी नाही, चूल आहे. चुलीपुढं हौसाच्या दहाव्याच्या दिवशीची पारूबाई बसलीय. "काय हे गबाळ!" म्हणत बटव्यातल्या मुळ्यांचे दोरे कातरतेय, जाळात टाकतेय.

"जाळले गं मी."

"ठाऊक हाय."

"मग ओरड की माझ्यावर!"

"तुमच्यावर कोण ओरडलंय आजवर, आक्का?"

हौसा उठते. पारूबाई तिचा पदर धरायला जाते. "थांब. तोंडानं तरी सांग."

हौसाचे ओठ हलतात. ऐकू येतं ते बाळाचं रडणं.

बाळ खरंच रडतंय. पारूबाईची मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते, तर आत मुरुडशेंग. शेंगेच्या पिळात, तिच्याच रंगाचा, कात्रीला न दिसलेला दोरा रुतून बसलाय. बोट फिरवते. दोन गाठी.

दुधात ती दोन वेढे देते. मोजून. बाकीच्या मुळ्या बटव्यात परत घालते.

रेश्मा वाटीत डोकावते. "एवढंच? वेखंड नाही घातलं?"

"त्याचं मला कळत नाही. एवढ्यानं नाही राहिलं तर ऊन उतरायच्या आत डॉक्टरीणबाईकडं ने."

"पण आज्जी, तुमच्या हाताला..."

"माझ्या नव्हे, हौसाच्या हाताला गुण होता." पारूबाई दोरा बोटाला गुंडाळते. "बघतेस काय? जा, सांग गल्लीत."