ताईच्या सासऱ्यांचा इनबॉक्स

जगात कोणतीही वस्तू हरवत नसते, ती फक्त चुकीच्या घराण्यात जाऊन बसलेली असते, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा निघाला. चष्मा सापडेनासा झाला तर तुम्ही-आम्ही टेबलाखाली बघतो. ताईचे सासरे आधी विचार करतात की चष्मा मूळचा कोणाचा, तर वाचनाचा. वाचन कोणाचं, तर पोथीचं. पोथी कुठे असते, तर देवघरात. आणि ते देवघरात जातात. चष्मा तिथे नसतो, टेबलाखालीच असतो, पण त्यामुळे त्यांच्या सिद्धान्ताला काही बाधा येत नाही. चष्माच वाट चुकला, असं त्यांचं म्हणणं पडतं.

त्यांचं घराणं त्र्यंबकेश्वरचं, तीर्थोपाध्यायांचं. यात्रेकरू आला की गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, माळ्यावरून त्या गावची वही काढायची, त्याचे पणजोबा कधी येऊन गेले ते दाखवायचं आणि त्याच्याच हातून पुढच्या पिढीची नावं लिहून घ्यायची, हे त्यांचं पिढीजात काम. सोवळ्याबरोबर हे कामही उतरवून ठेवावं की नाही? पण नाही. नाशिकला दाताच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा डॉक्टरांचे दोन्ही हात यांच्या तोंडात, आणि यांच्या घशातून काहीतरी प्रश्नार्थक आवाज येतोय. डॉक्टरांनी घाबरून हात काढले, तर प्रश्न होता, मूळ गाव कोणतं. आमची हयात नाशिकात गेली, पण पणजोबा सिन्नरचे म्हणून मला ते आजही 'सिन्नरकर' अशीच हाक मारतात. ताईला बघायला आले तेव्हा मुलीला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, काही विचारलं नाही. वडिलांना म्हणाले, "तुमचे आजोबा आमच्याकडे छत्री विसरून गेले होते." वडील चाट पडले. छत्रीचं पुढे काय झालं, असं त्यांनी अदबीने विचारलं, तेव्हा ती फार चांगली होती, आमच्या तीर्थरूपांनी पुष्कळ वापरली, असं उत्तर मिळालं. लग्न तिथेच ठरलं.

सासरी गेल्यावर ताईला स्वयंपाकघर नव्याने शिकावं लागलं, कारण तिथले डबे वंशाप्रमाणे मांडलेले. हरभऱ्याशेजारी हरभऱ्याची डाळ, तिच्यामागे बेसन, आणि फुटाणे व डाळं ही सख्खी भावंडं एका ओळीत. पोहे, चुरमुरे, तांदळाचं पीठ एका फळीवर, का तर सगळ्यांचं मूळ भात. साबुदाण्याचं कूळ काही केल्या ठरेना, म्हणून तो बिचारा वर्षानुवर्षं खिडकीत एकटा. ताई सुरुवातीला फोनवर तणतणायची, की फोडणीत तेल जळून जातं आणि मी मोहरीच्या माहेरची चौकशी करत उभी. पण माणसाला सवय लागते. पुढे एकदा आमच्याकडे आली तेव्हा माझ्या बायकोचा मिसळणाचा डबा उघडून, कसली ही सरमिसळ, असं म्हणून तिनेच नाक मुरडलं.

दोन हजार सालच्या आसपास भावजींनी घरात कॉम्प्युटर आणला. परगावचे, परदेशचे यजमान आता कार्ड टाकण्याऐवजी ईमेल करू लागले होते. माझं नाशिकला द्वारका चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान, त्यामुळे ईमेल मशीनवर उतरवून घेणारा प्रोग्राम मीच टाकून दिला. अण्णा (ताईमुळे ते आम्हा सगळ्यांचेच अण्णा झाले) ईमेलला कायम 'पत्र'च म्हणत आले. फोल्डर म्हणजे काय हे त्यांना क्षणात कळलं. फोल्डरच्या पोटात फोल्डर करता येतो हे कळल्यावर मात्र त्यांनी माउसवरचा हात काढला आणि विचारलं, त्याच्या पोटात? भावजी म्हणाले, हो. आणि त्याच्या? भावजी पेपर वाचत होते. ते म्हणाले, कितीही करा की. हे 'कितीही' पुढे फार महागात पडलं.

महिनाभरात अण्णांनी माळ्यावरची सगळी मांडणी मशीनमध्ये उभी केली. गावाच्या पोटात आडनाव, आडनावाच्या पोटात खापरपणजोबा, त्यांच्या पोटात पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा, आणि सगळ्यांच्या तळाशी 'गाडी दोन तास लेट आहे' एवढंच एक पत्र. ते पुन्हा बघायचं तर अख्ख्या घराण्याला नमस्कार करत खाली उतरावं लागे, आणि तोवर यजमान दारात येऊन पाय धुवत असे. पत्र कधीही काढून टाकायचं नाही, हा आणखी एक नियम. एकदा कुठल्याशा परदेशी राजपुत्राचं पत्र आलं की अमाप संपत्ती तुमच्या नावे करायची आहे, बँकेचा खाते क्रमांक कळवा. भावजी म्हणाले, ही लबाडी आहे, उडवा ते. अण्णांनी उलट पत्र लिहिलं की फोल्डर उघडायचा आहे, तरी आजोबांचं नाव कळवावं. राजपुत्राने कळवलं. पणजोबांचं विचारलं, तेही त्याने काहीतरी कळवलं. खापरपणजोबांचं विचारल्यापासून मात्र राजपुत्र जो गप्प झाला तो झालाच. "खोटा माणूस पणजोबांच्या पलीकडे टिकत नाही," अण्णा म्हणाले. पण फोल्डर त्याचाही ठेवला.

सगळ्यांत कडक नियम असा, की आधी नोंद, मग उत्तर. पत्र योग्य घराण्यात जाऊन बसल्याशिवाय त्याला उत्तर लिहायचं नाही. इनबॉक्स म्हणजे त्यांच्या लेखी ओसरी. ओसरीवर आलेल्याला दिवेलागणीच्या आत घरात घ्यायचं. आणि हाच नियम त्यांच्या मुळावर आला. अण्णांची मुलगी नंदा, म्हणजे ताईची नणंद, लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेलेली. रीतीप्रमाणे लेक लग्नानंतर सासरच्या वंशात लिहायची, म्हणून तिची पत्रं कऱ्हाडकडच्या तिच्या सासऱ्यांच्या पोटात, आणि त्यांच्या मुलाच्या पोटात जात. ती हसायची. अण्णा, माझं पत्र वाचायला तुम्हाला माझ्या सासऱ्यांना ओलांडून यावं लागतं, म्हणायची. मग एका वर्षी ती नवऱ्यापासून वेगळी झाली. आरडाओरडा नाही, तमाशा नाही, दोघांनी समजून-उमजून घेतलेला निर्णय. तिने अण्णांना लांबलचक पत्र लिहून सगळं कळवलं, आणि अण्णांना ते कुठे ठेवावं कळेना. कऱ्हाडच्या घरात आता ती नव्हती. स्वतःच्या घराण्यात घ्यावं, तर दिलेली लेक पुन्हा माहेरात लिहिल्याचा दाखला त्यांना आजोबांच्या हातचासुद्धा सापडला नाही.

नोंद नाही, म्हणून उत्तर नाही. नंदा लिहीत राहिली, अण्णा वाचत राहिले, आणि तिकडे नंदाची खात्री होत चालली की वडिलांनी आपल्याला टाकलं. ताईपाशी ती फोनवर रडली. अण्णांना फोन द्यावा तर ते 'प्रकृतीला जप' एवढं म्हणून रिसीव्हर परत करत. दोन ओळी तरी लिहा, असं ताईने हात जोडून सांगितलं. "लिहितो," ते म्हणाले, "जरा नोंदीचं ठरू दे." हे ताईने मला सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. अख्ख्या महाराष्ट्राला त्याचं घर दाखवून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीसाठी दोन ओळी सुचू नयेत, याचा मला मनस्वी संताप आला होता.

अशात त्यांचा इनबॉक्स उघडेनासा झाला. नंदाची सगळी पत्रं त्यात, एकालाही उत्तर न गेलेली. भावजी कंपनीत गेलेले, आणि अण्णांना संध्याकाळपर्यंत दम निघेना. त्यांनी वायरी उपटल्या, कॉम्प्युटरचा डबा उपरण्यात गुंडाळला आणि हरसूलहून नाशिकला जाणाऱ्या एसटीत तो घेऊन चढले. शेजारी आधीपासून बसलेली एक बाई, मांडीवर भाजीची पाटी. म्हातारा माणूस एवढं ओझं मांडीवर घेऊन बसलाय हे पाहून ती म्हणाली, खाली ठेवा की, पाय भरून येतील. अण्णा म्हणाले, यात लेकीची पत्रं आहेत. त्यावर तिने आपली पाटी पायाशी सरकवली. "मंग खाली नका ठेवू, बाबा," ती म्हणाली. "हितं दोघांच्या मधी ठेवा. मी बी धरते." नाशिक येईपर्यंत तिने एका हाताने तो डबा धरून ठेवला. हे मला अण्णांनीच सांगितलं, आणि तिचं मूळ गाव विचारायचं राहून गेलं हेही सांगितलं, त्यावरून ते किती घाबरले असतील ते मला कळलं.

घाबरण्यासारखंच होतं. या प्रोग्रामात एक फोल्डर म्हणजे एक लांबच लांब फाईल, पत्राला पत्र जोडून केलेली, आणि कोणतं पत्र कुठे सुरू होतं ते सांगणारी एक अनुक्रमणिका. पत्र दुसरीकडे हलवलं तरी जुन्या जागची नक्कल लगेच जात नाही, नुसती दिसेनाशी होते. सारखी हलवाहलव केली तर फाईल फुगत जाते. त्यात अण्णांनी प्रत्येक पूर्वजामागे इंग्रजी अक्षरांत 'कैलासवासी' असं पूर्ण लिहिलेलं, त्यामुळे फोल्डरचा पत्ता इतका लांबलेला की मशीनला तो शेवटपर्यंत वाचता येईना. आणि नेमकं एक पत्र हलवताना भारनियमनाने वीज गेलेली. मी आधी सगळ्याची नक्कल बाजूला काढली. मग पूर्वजांची नावं आखूड करायला बसलो. एकेक कैलासवासी उडवताना अण्णा माझ्या पाठीमागे उभे राहून त्या त्या माणसाची क्षमा मागत होते. शेवटी बिघडलेली अनुक्रमणिका काढून टाकली आणि प्रोग्रामला ती पहिल्यापासून बांधायला लावली. अण्णा स्टुलावर हात जोडून बसले. चहा आला, तोही त्यांनी घेतला नाही.

पत्रं परत येऊ लागली. नंदाची पत्रं आली. पण एकेकदा नाही, पुन्हा पुन्हा. वरून खाली बघावं तर तेच पत्र, खाली पुन्हा तेच, मध्ये दुसरं, मग परत पहिलं. मी म्हटलं, अण्णा, हे एकच पत्र इतक्यांदा कसं?

"संध्याकाळी कऱ्हाडला नेऊन ठेवायचो," ते म्हणाले. "रात्री बरं वाटायचं नाही. सकाळी उठून आपल्या घरात आणायचो. तिथेही चुकल्यासारखं व्हायचं. मग परत ओसरीवर."

माझा सगळा राग तिथल्या तिथे विरला. हा माणूस मुलीला टाकून बसलेला नव्हता. तो रोज तिचा हात धरून या दारातून त्या दारात हिंडत होता, आणि आत कुठे बसवावं ते न कळून तिला घेऊन परत येत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. जास्तीच्या नकला पुसता पुसता, मान वर न करता मी म्हटलं, अण्णा, नोंद राहू द्या, आज आधी उत्तर लिहा. मला वाटलं, आता हे मला सिन्नरच्या सात पिढ्यांसकट सुनावतील. त्यांनी नुसता कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने, रोमन अक्षरांत, एकेक अक्षर शोधत लिहिलं: "चि. नंदास आशीर्वाद. पत्रं सगळी पावली, सगळी वाचली. रागावलेलो नाही. तुझी नोंद कुठे करावी हे मला येत नाही. तू सांगशील तिथे करतो."

'मला येत नाही' हे शब्द त्यांच्या हातून उमटताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिकडे संध्याकाळ झालेली असणार. दुकानातच आम्ही दोघांनी माझा पोळीभाजीचा डबा खाल्ला, आणि हात धुऊन येतो तोच उत्तर आलेलं होतं. "अण्णा, मला वाटलं होतं तुम्ही मला काढून टाकलंत. मला कुठेच नोंदवू नका. उघडल्या उघडल्या दिसेन, अशी वरच राहू दे." अण्णांनी ते पुन्हा वाचलं, मग उपरणं तोंडाला लावून तसेच बसून राहिले, आणि मी उगाच बाहेर जाऊन दुकानाची पायरी झाडून आलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अण्णा थकले. पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, ताई मोठ्याने वाचून दाखवते आणि ते सांगतील ते उत्तर लिहिते. यजमान मंडळी अजून आपापल्या पूर्वजांच्या पोटात रीतसर जातात. नंदाची पत्रं मात्र वर, एकाखाली एक, इतकी साठलीत की इनबॉक्स उघडायला वेळ लागतो. आमच्या धंद्याच्या हिशेबाने ही शुद्ध बेशिस्त आहे आणि गिऱ्हाइकांना मी यावरून बोलतोसुद्धा. पण भाऊबीजेला ताईकडे गेलो, की ओवाळून झाल्यावर मी अण्णांच्या खोलीत जातो, त्या फाईलची एक नक्कल काढून घेतो, आणि एकही पत्र जागचं न हलवता मशीन बंद करतो.