आतून ऐकू येणारं शटर

शेजारच्या काकू वाक्यातला शेवटचा शब्द पुन्हा म्हणतात, कडी नीट लागली का ते बघावं तसा. "दूध तापवलंय. तापवलंय."

गेल्या वर्षी वादळात पंचवटीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या दोन्ही घरांच्या दारांच्या काचा फुटल्या, म्हणून आम्ही दोघी शटर घ्यायला गेलो. मी सगळ्यात जाड पत्र्याचं घेतलं. काकू मात्र दुकानातल्या एकेका शटरमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि मला सांगायच्या, "बाहेरून हाक मार बघू. मार." जाड पत्र्यामागे त्यांना काही ऐकू येईना. त्यांनी बारीक भोकांचं घेतलं. दुकानदार हसला.

यंदा मे महिन्यात पुन्हा वादळ झालं. दोन्ही शटरं टिकली. वारा पडल्यावर मी बाहेर आले, तर काकूंच्या हॉलमध्ये समोरच्या बाजारातल्या भाजीवाल्या ओल्या लुगड्यांत चहा पीत बसलेल्या. सत्तरी ओलांडलेल्या काकूंनी ऐन वाऱ्यात खांद्यावर शटर तोलून धरून एकेकीला आत घेतलं होतं. मी त्यांच्या बारक्या खांद्याकडे बघतच राहिले.

"आधी तुमचंच शटर वाजवलं ताई," कोथिंबीरवाली मला म्हणाली. "लय वाजवलं."

काकूंनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"तिचं शटर मजबूत आहे गं. मजबूत."